अंगावरून जाणारे वारे व मधुमेह

आपल्या नेवासे तालुक्यात एखाद्या मनुष्याचा एक हात व एक पाय अकस्मात लुळा पडला, तोंड वाकडे झाले व वाचा बसली, म्हणजे ‘त्याच्या अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतून या रोगास पक्षाघात असे नाव आहे. शिकलेले लोक अर्धांगवायू म्हणतात. दवाखान्यात लकवा किंवा स्ट्रोक हे शब्द ऐकू येतात. नावे पुष्कळ आहेत, पण लोकांच्या मनातील समजूत बहुधा एकच असते. ती ही की, हे वारे बाहेरून येते, ते कोणाच्या अंगावरून केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि ज्याचा नेमच नाही त्यावर मनुष्याने उपाय तो काय करावा! प्रस्तुत पाठात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते या समजुतीच्या अगदी उलट आहे. हे वारे दहा दहा, वीस वीस वर्षे घरातच तयार होत असते: मिठाच्या बरणीत, तंबाखूच्या डबीत, बसून काढलेल्या दिवसांत आणि अर्धवट सोडून दिलेल्या गोळ्यांत. आणि ज्या घरात मधुमेह आहे, त्या घरात ते इतरांपेक्षा लवकर तयार होते.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. हिंदुस्थानासह ३२ देशांतील सुमारे साडेतेरा हजार रुग्णांची तितक्याच निरोगी माणसांशी तुलना करून २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, ज्यांवर मनुष्याचा काही ना काही ताबा चालतो अशी दहा कारणे एकत्र केली, तर अर्धांगवायूच्या दहा रुग्णांपैकी नऊ रुग्णांचा उलगडा होतो. त्या दहांत मधुमेह आहेच. परंतु सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब हे ठरले. वाचकांनी हे वाक्य ध्यानात धरून पुढे चलावे, कारण पाठाचा सारा भर त्यावर आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. मनुष्याचा मेंदू वजनाने सारा सव्वा-दीड किलो, म्हणजे शरीराच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतका असतो. तथापि हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे सहावा वाटा तो एकटा घेतो. त्याच्याजवळ शिलकी साठा काहीच नसतो. हातापायाचे रक्त घटकाभर अडले तर मुंग्या येतात व जातात. मेंदूचे तसे नाही. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटास सुमारे १९ लक्ष मज्जापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतील एका मेंदुरोगतज्ज्ञाने २००६ साली मांडला आहे. रक्त अडण्याचे प्रकार दोन. एकात रक्तवाहिनी आतून बुजते किंवा गुठळी येऊन तीत अडकते. दुसऱ्यात ती दाबाने फुटते व रक्त मेंदूत सांडते. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या अंगावर व उजवा भाग डाव्या अंगावर सत्ता चालवितो, म्हणून बिघाड एका बाजूस व लुळेपणा दुसऱ्या बाजूस, असा प्रकार दिसतो.

मधुमेहाचा यात संबंध कोठे येतो? आपल्या मुलांपैकी पुष्कळांनी उसाच्या किंवा डाळिंबाच्या शेतात ठिबकच्या नळ्या पाहिल्या आहेत. विहिरीच्या पाण्यातील क्षार त्या नळ्यांत बसत जातात. पहिल्या वर्षी काही कळत नाही, पुढे एकेक छिद्र मुके होते, आणि शेतकरी आम्ल सोडून नळी धुऊन घेतो. रक्तात साखर सदैव अधिक राहिली म्हणजे रक्तवाहिनीच्या आतील मऊ अस्तर असेच खराब होते. त्या खरबरीत जागी चरबीचे थर बसतात. त्यावर वाढलेल्या रक्तदाबाचे तडाखे दिवसातून लाखभर वेळा बसत असतात. एके दिवशी थरास तडा जातो, तेथे रक्ताची गुठळी होते, आणि शेजारीपाजारी म्हणतात, वारे गेले. फरक इतकाच की, रक्तवाहिनी आम्लाने धुऊन काढता येत नाही. १०२ अभ्यासांतील सुमारे सात लक्ष लोकांची माहिती एकत्र करून २०१० साली जो हिशेब झाला, त्यात मधुमेही मनुष्यास रक्तवाहिनी बुजून होणाऱ्या अर्धांगवायूचा धोका इतरांच्या दुपटीहून थोडा अधिकच आढळला.

हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग, खेड्यातल्या कष्टकऱ्यांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल, तर त्याने गडचिरोलीकडे पाहावे. जंगलाचा व गरीब शेतकऱ्यांचा तो जिल्हा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथील ८६ गावांत, सुमारे ९४ हजार वस्तीत, एप्रिल २०११ पासून मार्च २०१३ पर्यंत झालेल्या प्रत्येक मृत्यूची घरोघर जाऊन चौकशी केली. दोन वर्षांत १५९९ मृत्यू झाले होते. त्यांपैकी २२९ अर्धांगवायूने, म्हणजे सातांत एक. हिवताप नव्हे, सर्पदंश नव्हे, क्षयही नव्हे; त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण अर्धांगवायू हेच निघाले. आणि त्याने मेलेल्या शंभरांपैकी सत्त्याऐंशी जण घरीच मेले. गडचिरोलीची ही स्थिती, तर जेथे ऊस आहे, मोटारसायकल आहे, चौकाचौकात वडापावाची गाडी आहे, त्या आपल्या तालुक्याने निश्चिंत राहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

‘पण आमचे नाना तर काडीसारखे आहेत, त्यांना कसला मधुमेह?’ असेही विद्यार्थी विचारतात. याचे उत्तर पुण्यात सापडले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडातील साउदॅम्टन शहराच्या बालकांशी केली व ती २००३ साली प्रसिद्ध केली. आपली बालके सरासरी २.७ किलोची, तेथली ३.५ किलोची. आपली बालके हाडापेराने व स्नायूंनी लहान होती, परंतु त्यांच्या अंगावरील चरबी मात्र त्या मानाने मुळीच कमी नव्हती. पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक यांनी आपले इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांच्या शेजारी उभे राहून एक छायाचित्र छापविले. उंची व वजन यांचे प्रमाण दोघांचेही हुबेहूब सारखे, २२.३; दिसावयास दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची शेकडा २१.२ भरली! तात्पर्य, आपल्या लोकांत वजनकाट्यावर विसंबून भागत नाही. कमरेस फीत लावून पाहावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर मनुष्य कितीही हडकुळा दिसो, त्याने रक्त तपासून घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मधुमेह निघाल्याबरोबर आपल्याकडील मनुष्य पहिली गोष्ट करतो ती ही की, तो चहातील साखर सोडतो आणि लग्नातील जिलबीस हात लावीत नाही. हे उत्तमच आहे. पण तेवढ्याने आपण सुटलो, असे मानून तो तंबाखू मळीत बसतो, ठेच्यावर ठेचा खातो, आणि रक्तदाब वर्षवर्ष मोजीत नाही. येथेच घात होतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली मधुमेही रुग्णांचा एक प्रचंड अभ्यास आरंभिला गेला व त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर काटेकोर ताब्यात ठेवलेल्या रुग्णांचे डोळे व मूत्रपिंडे पुष्कळ वाचली; अर्धांगवायू मात्र त्या काळात तेवढ्याने कमी झाला नाही. त्याच अभ्यासात १,१४८ रुग्णांचा रक्तदाबही वाढलेला होता. त्यांपैकी एका गटाचा दाब सरासरी १५४ वर ८७ राहिला. दुसऱ्या गटास अधिक लक्षपूर्वक औषधे देऊन तो १४४ वर ८२ इतका खाली ठेवला. अंतर केवळ दहा अंशांचे. परंतु या दुसऱ्या गटात अर्धांगवायूचे प्रमाण शेकडा ४४ ने घटले. आम्हांस वाटते, मधुमेह असलेल्या प्रत्येक घरात भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी हा आकडा लिहून ठेवावा. साखर पाहू नये असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. डोळे, मूत्रपिंडे व पाय यांसाठी ती पाहिलीच पाहिजे. पण जो केवळ साखर पाहतो तो खळ्याच्या पुढल्या दारास कुलूप लावून मागले दार उघडे टाकतो.

रक्तदाबाचे दोन आकडे कशाचे, हे सातवी-आठवीच्या मुलांसही समजण्यासारखे आहे. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते त्या वेळचा दाब तो वरचा आकडा. ते सैल पडून पुन्हा भरते त्या वेळचा दाब तो खालचा. बहुतेक मधुमेही रुग्णांत तो १३० वर ८० च्या खाली असावा असे डॉक्टर सांगतात. फार वृद्ध व अशक्त मनुष्याच्या बाबतीत ते निराळा विचार करतील. दाब वाढल्याने डोके दुखतेच असे नाही. किंबहुना बहुतेकांस काहीच होत नाही, आणि हीच त्याची खोड. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, अर्धा तास आधी चहा वा तंबाखू घेऊ नये, सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा बांधू देऊ नये, हात छातीच्या उंचीवर टेकवावा व दोनदा मोजून घ्यावे. सायकल दामटून आलेल्या मनुष्याचा दाब दारातच मोजला, तर तो त्याच्या रोगाचा नसून सायकलीचा असतो.

या दाबाचा सर्वांत जवळचा सोयरा म्हणजे मीठ. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठी सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. आपल्या घरात किती लागते? हे कोणा डॉक्टरास विचारावयास नको. त्रैराशिक येत असले म्हणजे झाले. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तीवर तारीख घाला व संपेल त्या दिवशी पुन्हा घाला. समजा, घरात पाच माणसे आहेत व पिशवी वीस दिवसांत संपली. हजार ग्रॅम भागिले वीस म्हणजे दिवसाचे पन्नास, आणि पन्नास भागिले पाच म्हणजे माणशी दहा ग्रॅम. योग्य प्रमाणाच्या दुप्पट! तीच पिशवी चाळीस दिवस पुरली पाहिजे. जनावरांस घालावयाचे मीठ निराळ्या डब्यात ठेवावे, नाहीतर हिशेब म्हशीच्या पोटात जाईल. आणि दुकानातून आणलेली शेव, फरसाण, खारी व पापड यांतील मीठ या पिशवीत धरलेले नाही, ते वेगळेच. लोणचे व ठेचा अजिबात टाकावा असे आम्ही म्हणत नाही. बाजरीची भाकरी व ठेचा यांवर ज्या जिल्ह्याचा पिंड पोसला त्यास असा उपदेश करणे व्यर्थ होय. पण ठेच्यात मिरची व लसूण ठेवून मीठ निम्मे करता येते, ताटात वरून मीठ वाढण्याची चाल मोडता येते, आणि पंधरा-वीस दिवसांत जिभेस नवी चव अंगवळणी पडते.

मिठाने खरोखर अर्धांगवायू हटतो काय, याचा पुरावा चीन देशातील ६०० खेड्यांनी दिला आहे. ज्यांस पूर्वी एकदा हा विकार होऊन गेला होता, किंवा जे साठीच्या पुढचे असून ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, अशी सुमारे २१ हजार माणसे त्यात होती. निम्म्या खेड्यांस नेहमीचे मीठ चालू ठेवले. निम्म्यांस असे मीठ दिले की ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियमच्या क्षाराचा होता. सुमारे पाच वर्षांनी, म्हणजे २०२१ साली निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा दुसऱ्या खेड्यांत अर्धांगवायू शेकडा १४ ने कमी दिसला. असले मीठ आता आपल्या बाजारातही मिळते. परंतु मधुमेहाने ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत, किंवा ज्यांस रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांस ते घातक होऊ शकते. डॉक्टरांस विचारल्यावाचून कोणी त्याच्या वाटेस जाऊ नये. साधे मीठ निम्मे करण्यास मात्र कोणाची परवानगी नको.

तंबाखूविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. विडी-सिगारेट वाईट हे आता सर्वांस मान्य आहे. मळलेली तंबाखू आणि मिश्री यांविषयी मात्र आपल्याकडे फार भोळेपणा आहे. पहाटे चुलीशी बसून मिश्री लावणारी आजी स्वतःस व्यसनी समजत नाही. दात घासते असे ती म्हणते. पण तंबाखू भाजली म्हणून तिच्यातील निकोटिन विष जळून जात नाही. ते हिरडीतून रक्तात जाते, नाडी जलद करते व रक्तदाब चढविते. ज्या आजीस साखर आहे व दाबही आहे, तिने दिवसातून तीनदा मिश्री लावणे म्हणजे तीनदा त्या जीर्ण रक्तवाहिन्यांस ताण देणे होय. नातवंडांनी येथे आजीस रागावू नये. रागावल्याने ती डबी लपवील, एवढेच होईल. सकाळची एक वेळ आधी सुटते का पाहावे, मग दुपारची; आणि रात्रीच्या वेळी डबीच्या जागी ओवा-बडीशेप भाजून ठेवावी. मद्याविषयी एक ओळ पुरे: ते दाब वाढविते आणि गोळ्या घेणाऱ्याची साखर अवेळी खाली आणते.

आता चालणे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णास मोठा गमतीचा उपचार सांगितला आहे. त्याने मुनीप्रमाणे भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून, पायांत वहाणा व डोक्यावर छत्री न घेता शंभर योजने चालत जावे, अथवा विहीर खणावी! दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यास स्नायूंच्या श्रमाने हा रोग हटतो हे कळले होते, याचे नवल वाटते. वहाणा काढण्याचा त्याचा सल्ला मात्र आज कोणी ऐकू नये. मधुमेहात तळपायांच्या संवेदना मंद होतात, खडा किंवा बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही, व जखम चिघळते. म्हणून मधुमेही मनुष्याने दिंडीत असो वा मळ्यात असो, अनवाणी चालूच नये.

शेतकरी म्हणेल, आम्ही दिवसभर शेतातच असतो, वेगळे चालावयाचे कशास? जरा हिशेब करू. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली, बैलाची ट्रॅक्टरने, आणि मळ्यात जाण्याच्या पायवाटेची मोटारसायकलीने. ऊस एकदा लावला की ज्वारी-बाजरीसारखी खुरपणी, कापणी व मळणी मालकास स्वतः करावी लागत नाही. तोडणीस टोळी येते. शेती शिल्लक आहे, शेतकऱ्याचे श्रम उरले नाहीत. म्हणून आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, असे भराभर चालावे की शेजाऱ्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. नेवाशाच्या लोकांस तर जागा शोधावयास नको. प्रवरेचा काठ आहे, पैस खांबाच्या मंदिराचा रस्ता आहे. स्त्रियांस सकाळी सवड नसते हे आम्ही जाणतो. त्यांनी जेवणानंतर दहा दहा मिनिटे तीन वेळा चालावे, हिशेब तोच होतो, आणि जेवणानंतरची चढती साखरही खाली येते.

चालण्याने व आहारबदलाने किती लाभ होतो हे सांगताना आम्ही फुगवून सांगणार नाही. चीनमधील दाचिंग शहरी १९८६ साली अशी ५७७ माणसे निवडली होती की, ज्यांस अद्याप मधुमेह झाला नव्हता पण साखर वाढू लागली होती. त्यांपैकी काहींस सहा वर्षे आहार व व्यायाम यांचे शिक्षण दिले. तीस वर्षांनंतर पाहिले तेव्हा, शिकविलेल्या लोकांत मधुमेह सरासरी चार वर्षे उशिरा आला होता, आणि अर्धांगवायूही सुमारे चतुर्थांशाने कमी झाला होता. मद्रासेकडे, म्हणजे आजच्या चेन्नईस, डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ माणसांवर असाच प्रयोग करून २००६ साली दाखविले की, आपल्या लोकांतही तीन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा २८ ने खाली येते. उलट अमेरिकेत ५,१४५ स्थूल मधुमेही रुग्णांवर झालेला मोठा प्रयोग २०१२ साली थांबवावा लागला; वजन घटले, साखर सुधारली, अंगात शक्ती आली, परंतु हृदयविकार व अर्धांगवायू यांत दोन गटांत फरक पडला नाही. यावरून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, आरंभ लवकर करावा. म्हणजे ज्या घरात आजोबांस मधुमेह आहे तेथे मुलाने व नातवाने आताच चालू लागावे. दुसरी, मधुमेह एकदा जडल्यावर चालणे हे दाबाच्या गोळीच्या जोडीस असावे, गोळीच्या ऐवजी नसावे.

आहाराविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही थोडक्यात उरकतो. गूळ चालतो, मध चालतो, ही समजूत खोटी आहे. रक्तात गेल्यावर ते साखरेचेच भाऊ. बाजरी-ज्वारीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा नक्कीच बरी, पण चार भाकरी म्हणजे चार भाकरीच. दोन घ्याव्या व उरलेली जागा पालेभाजी, मटकी, हुलगे व ताक यांनी भरावी. उपवासाचा साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, आणि गोळ्या घेऊन निराहार राहणे त्याहून वाईट. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळ घेणारा मनुष्य महिन्यास सुमारे दीड किलो साखर नुसती पितो, हेही त्रैराशिक मुलांनी घरी करून पाहावे. साखर कारखान्यांच्या तालुक्यात हे लिहिताना आम्हांस संकोच होत नाही. ऊस पिकवावा, विकावा, पण तो सारा आपणच खाल्ला पाहिजे असे कोठे आहे?

गोळ्यांच्या बाबतीत आपल्याकडील दोन वाक्ये फार घातक आहेत. ‘एकदा गोळी सुरू झाली की सवय लागते’ हे एक, व ‘आता बीपी नॉर्मल आले, गोळी बंद केली’ हे दुसरे. दाब खाली आला तो गोळीमुळे. गोळी काढली की तो पुन्हा चढतो, आणि चढल्याचे कळत नाही. मधुमेह मुळासकट घालवितो असे सांगून आठवडे बाजारात जी चूर्णे विकली जातात, त्यांच्या भरवशावर डॉक्टरची औषधे सोडणाऱ्याविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. चाळिशीनंतर बहुतेक मधुमेही रुग्णांस रक्तातील चरबी उतरविणारी गोळीही लागते. तीविषयी डॉक्टरांस आपण होऊन विचारावे. नाडीचे ठोके अनियमित पडत असतील तर तेही सांगावे, कारण अशा हृदयात गुठळी होऊन ती थेट मेंदूकडे जाऊ शकते. तीस वर्षांवरील सर्वांची साखर व रक्तदाब सरकारी आरोग्य उपकेंद्रात फुकट पाहतात. गावातील आशाताईस विचारले म्हणजे दिवस कळतो. हे काम मोठ्या डॉक्टरावाचून अडत नाही, हे आपल्याच जिल्ह्यातील जामखेडने जगास दाखविले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे कार्य आरंभिले, खेड्यातील अशिक्षित स्त्रियांस शिकवून आरोग्यसेविका केले, आणि १९७९ साली त्या कार्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या स्त्रियांस अक्षरओळख नव्हती त्या गावचे आरोग्य सांभाळू शकल्या, तर दहावीच्या मुलास घरचा रक्तदाब वहीत मांडून ठेवता येणार नाही काय?

शेवटी, इतके करूनही प्रसंग आलाच तर काय करावे, हे मुलांसाठी लिहितो; कारण दुपारी मोठी माणसे मळ्यात असतात आणि घरी आजोबांजवळ बहुधा शाळेतून आलेले मूलच असते. आजोबांस हसावयास सांगावे व तोंड एका बाजूस ओढते का पाहावे. दोन्ही हात समोर उचलून धरावयास सांगावे व एक खाली येतो का पाहावे. एक सोपे वाक्य म्हणावयास सांगावे व जीभ जड पडते का ऐकावे. एकाएकी तोल जाणे किंवा एका डोळ्याने दिसेनासे होणे, हीही लक्षणे होत. यांपैकी एक जरी दिसले, तरी तत्क्षणी १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, अंग चोळीत बसू नये. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नये. गिळता येत नसल्यास ते फुप्फुसात जाते. घरात साखर मोजण्याचे यंत्र असेल तर झटकन पाहावे, कारण साखर फार उतरली तरी असाच लुळेपणा येतो. ती ७० च्या खाली असेल, आजोबा शुद्धीवर असतील व नीट गिळत असतील, तरच साखरपाणी द्यावे. ज्या रुग्णालयात सी. टी. स्कॅनचे यंत्र आहे तेथेच थेट न्यावे. दोन-तीन लहान दवाखाने वाटेत घेत जाऊ नये. गुठळी विरघळविण्याचे औषध विकार सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि नेवाशापासून अहिल्यानगर सुमारे साठ किलोमीटर आहे. लुळेपणा दहा मिनिटांत आपोआप गेला, तरीही त्याच दिवशी न्यावे. असा झटका ही पुढील मोठ्या झटक्याची सूचना असते, आणि तो पुष्कळदा दोन-चार दिवसांतच येतो.

आणि एक. घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहून घ्यावी. सकाळी उठतानाच हात लुळा आढळला, तर रात्री किती वाजता आजोबा धडधाकट होते ती वेळ लिहावी. रुग्णालयाच्या दारात डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर त्या घरातील लहान मुलासच ठाऊक असण्याचा संभव अधिक.